कोहा चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरचा बॅकअप: नियोजन रिस्टोअरपासून सुरू करावे

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी आपली तालिका, सभासदांच्या नोंदी आणि रोजची देवघेव कोहा या मुक्त प्रणालीवर आणली आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये प्रथम कामाला लागलेली ही प्रणाली आपल्याकडे बहुधा डेबियन किंवा उबुंटू हा लिनक्सचा प्रकार असलेल्या एकाच सर्व्हरवर चालते. हा सर्व्हर पुष्कळदा ग्रंथालयाच्याच एखाद्या खोलीत असतो आणि त्याची देखभाल ग्रंथपाल, संगणक सहायक आणि अधूनमधून बोलावला जाणारा तंत्रज्ञ यांच्यात वाटलेली असते. अशा सर्व्हरच्या बॅकअपचे नियोजन कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे. कोहाऐवजी दुसरी एखादी प्रणाली कोहाप्रमाणेच मारियाडीबी डेटाबेसवर चालत असेल, तरी कमांडांची नावे वगळता बहुतेक सूचना तिलाही लागू पडतील.

बॅकअपचा विचार साधारणपणे 'कशाची प्रत घ्यायची आणि कुठे ठेवायची' येथून सुरू होतो. माझ्या मते तो दुसऱ्या टोकापासून, म्हणजे रिस्टोअरपासून (प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करण्यापासून), सुरू व्हायला हवा. सर्व्हर पूर्णपणे गेला आहे, समोर एक नवे, रिकामे यंत्र आहे आणि देवघेवीच्या खिडकीपाशी वाचक उभे आहेत, अशी कल्पना करून त्या दिवशी कोणकोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने लागतील याचे टिपण प्रथम लिहावे. डेबियनची कोणती आवृत्ती बसवायची, कोहाची कोणती आवृत्ती आणि कोणत्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) घ्यायची, डेटाबेस कोठून आणायचा, कोहाच्या संरचनेच्या फाइल कोठे मिळतील, अपाचे या वेब सर्व्हरचे सर्टिफिकेट कोठे आहे, सर्व्हरचा आयपी पत्ता आणि डोमेनचे नाव कोणाच्या खात्यात आहे, बॅकअपचा पासवर्ड कोणाजवळ आहे, हे सारे त्यात यावे. प्रत्येक ओळीपुढे 'हे कोठून मिळेल?' या प्रश्नाचे उत्तर लिहावे. जिथे उत्तर सुचत नाही, तिथे बॅकअपमध्ये भोक आहे असे समजावे. हे काम एका दुपारचे आहे. मात्र पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या आधाराने घेतला जात असल्याने ते टाळू नये.

किती नुकसान चालेल, किती वेळ चालेल

यानंतर दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयाच्या जबाबदार व्यक्तीने द्यायची आहेत. तंत्रज्ञाने ती परस्पर ठरवू नयेत. पहिला प्रश्न असा की, किती काळाची नोंद गेली तर ती हाताने पुन्हा भरता येईल? दुसरा असा की, प्रणाली किती वेळ बंद राहिली तर काम भागेल? तांत्रिक भाषेत यांना अनुक्रमे आरपीओ आणि आरटीओ म्हणतात.

तालिकीकरणाची एक दिवसाची नोंद गेली, तर पुस्तके समोरच असल्यामुळे ती पुन्हा करता येते. देवघेवीचे तसे नाही. सकाळी परत आलेली पुस्तके दुपारपर्यंत मांडणीवर गेलेली असतात. तो अर्धा दिवस गेला, तर ज्या वाचकाने पुस्तक परत केले आहे त्याच्या नावावर ते तसेच राहते, त्यावर विलंब शुल्क चढत जाते आणि आठवड्याने त्याला स्मरणपत्रही जाते. त्यामुळे दिवसाला दोनचारशे व्यवहार होणाऱ्या ग्रंथालयात रोज एकदा बॅकअप घेणे मला अपुरे वाटते. कामाच्या वेळेत दर तासाला किंवा दोन तासांनी डेटाबेसचा डंप (सर्व मजकूर एका फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्यावा. ग्रंथालयाचा डेटाबेस बहुधा काही शे एमबीच्या आत असतो, डंप घ्यायला फार वेळ लागत नाही आणि पुढे सांगितलेल्या पद्धतीने घेतल्यास देवघेव थांबत नाही. याशिवाय प्रणाली बंद असतानाची देवघेव लिहिण्यासाठी सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, वेळ आणि 'दिले' किंवा 'घेतले' एवढ्याच रकान्यांची एक वही खिडकीपाशी कायम असावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना 'ताबडतोब' असे म्हणण्याचा मोह होतो. त्याची किंमत समजून घ्यावी. सुटे यंत्र तयार ठेवले असेल, तर सेवा काही तासांत उभी राहू शकते. तसे नसेल, तर नवे यंत्र मिळेपर्यंतचे दिवसही मोजावे लागतील. संस्थेची खरेदी कोटेशने मागवून होत असेल, तर हा आकडा आठवड्यांत जातो आणि मग एखादे जुने पण चालू यंत्र बाजूला काढून ठेवणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.

काय काय घ्यायचे

डेटाबेस ही मुख्य वस्तू आहेच. पण केवळ डेटाबेसवरून सर्व्हर उभा राहत नाही. डेबियनवर कोहाच्या प्रत्येक इन्स्टन्सची (सर्व्हरवर उभ्या केलेल्या स्वतंत्र कोहाची) संरचना ईटीसी डिरेक्टरीतील कोहा या फोल्डरमध्ये, साइट्स या उपफोल्डरात असते. तेथील कोहा-कॉन्फ या एक्सएमएल फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो आणि अलीकडच्या आवृत्त्यांत कूटबद्धतेची किल्लीही असते. ती किल्ली हरवली, तर द्विस्तरीय प्रवेशासाठी कूटबद्ध करून डेटाबेसात ठेवलेली माहिती पुन्हा वाचता येत नाही. म्हणून ही फाइल डेटाबेसाइतकीच जपावी. माझा सल्ला असा की, यातील एकेक फाइल निवडत न बसता पूर्ण ईटीसी डिरेक्टरीच घ्यावी. ती काही एमबींचीच असते आणि अपाचेची मांडणी, लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटे, नेटवर्क, फायरवॉल आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे जोडणी करण्याच्या) किल्ल्या असे सारे तिच्यात येते.

वाचकांसाठी किंवा कर्मचाऱ्यांसाठी कोहात चढवलेल्या फाइल आणि बसवलेले प्लगइन व्हीएआर डिरेक्टरीतील लिब या फोल्डरमध्ये इन्स्टन्सच्या नावाने असतात. चढवलेल्या फाइल कोहाच्या नेहमीच्या डंपमध्ये आल्या असतील असे गृहीत धरू नये; तो फोल्डर वेगळा नोंदवून घ्यावा. शोधासाठी लागणारा झेब्राचा निर्देशांक मात्र बॅकअपमध्ये असलाच पाहिजे असे नाही, कारण तो डेटाबेसवरून पुन्हा बांधता येतो. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा फोल्डर, यूएसआर डिरेक्टरीतील लोकल हा फोल्डर आणि व्हीएआर डिरेक्टरीत स्पूलखाली असणारे क्रॉनचे (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीचे) तक्ते यांत स्थानिक तंत्रज्ञाने लिहिलेल्या स्क्रिप्टा असतात. त्या विसरल्या जातात आणि रिस्टोअरनंतर महिनाभराने 'अमुक अहवाल आता येत नाही' अशी तक्रार येते. हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी एपीटी-मार्क या कमांडने रोज एका फाइलमध्ये काढून ठेवावी. प्रॉक, सिस, डेव्ह, रन आणि टीएमपी या डिरेक्टऱ्या घेऊ नयेत. पहिल्या चारांतील मजकूर कर्नल आणि चालू सेवा स्वतः तयार करतात आणि शेवटची तात्पुरत्या फाइलींची असते.

काही ग्रंथालये दुर्मिळ पुस्तकांची आणि जुन्या नियतकालिकांची छायांकित पाने याच सर्व्हरवर ठेवतात. त्यांचा विचार वेगळा करावा. या फाइल मोठ्या असतात पण बदलत नाहीत. त्यांच्या दैनंदिन आवृत्त्यांची गरज नसते. दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण प्रती आणि प्रत्येक फाइलचा शा-२५६ प्रकारचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) यांची असते. सहा महिन्यांनी चेकसम पुन्हा काढून पडताळले, तर डिस्कवर मूकपणे बिघडलेली फाइल वेळीच लक्षात येते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता येते.

चालू डेटाबेसची फाइल उचलू नये

मारियाडीबी चालू असताना तिच्या डेटा फोल्डरची सरळ नक्कल करणे हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे. नक्कल होत असताना फाइल बदलत राहतात, काही बदल अजून स्मृतीतच असतात, आणि हाती येणाऱ्या प्रतीत पहिली फाइल एका क्षणाची तर शेवटची दुसऱ्या क्षणाची असते. अशी प्रत कधी सुरू होते, कधी होत नाही आणि कधी सुरू होऊन आठवड्याने चुका दाखवते. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनानेच डंप घ्यावा. मायएसक्यूएल-डंप किंवा मारियाडीबी-डंप वापरताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्यावा. त्यामुळे इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते आणि चालू काम अडत नाही. जुन्या मायआयसॅम प्रकारच्या तक्त्यांना हे संरक्षण मिळत नाही. सर्व्हर फार जुन्या आवृत्तीपासून चढत आला असेल, तर असे तक्ते उरले आहेत का ते एकदा पाहून घ्यावे.

कोहाच्या डेबियन पॅकेजमध्ये यासाठी कोहा-डंप ही कमांड असते. ती प्रत्येक इन्स्टन्ससाठी दोन फाइल तयार करते: एक डेटाबेसची आणि दुसरी संरचनेची. पॅकेजसोबत येणारे क्रॉनचे दैनिक काम या फाइल व्हीएआर डिरेक्टरीत स्पूलखालील कोहा या फोल्डरमध्ये ठेवते आणि फक्त दोन दिवसांच्या प्रती राखून आधीच्या पुसून टाकते. 'कोहा आपोआप बॅकअप घेतो' असे जे सांगितले जाते ते एवढ्यापुरतेच खरे आहे. या प्रती त्याच यंत्रावर, बहुधा त्याच डिस्कवर आणि दोनच दिवसांच्या असतात.

येथे वेळेचा एक बारकावा आहे. डेबियनच्या मूळ मांडणीत दैनिक क्रॉन सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी चालतो. बाहेर प्रत पाठवणारे काम जर रात्री दोन वाजता लावले असेल, तर ते काल सकाळी ६:२५ चा डंप पाठवते आणि कालच्या संपूर्ण दिवसाची देवघेव त्यात नसते. दोन्ही कामे यशस्वी झाल्याचे दिसते, तारीखही बरोबर दिसते आणि तरीही प्रत जवळजवळ एका दिवसाने शिळी असते. हा दोष टाळायचा असेल, तर दोन घड्याळांवर विसंबू नये. डंप घेणे, तो तपासणे आणि बाहेर पाठवणे ही तिन्ही कामे एकाच स्क्रिप्टमध्ये, एकामागोमाग एक आणि आधीचे यशस्वी झाले तरच पुढचे, अशी लिहावीत.

त्या स्क्रिप्टमध्ये डंपच्या कमांडचा मजकूर पाइपने थेट जीझिप या फाइल आवळणाऱ्या कमांडकडे दिला असेल, तर बॅश शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल पाहते. डंप अर्ध्यात तुटला तरी जीझिप यशस्वीच होतो आणि स्क्रिप्टला सारे आलबेल वाटते. पाइपफेल हा पर्याय चालू केल्यास हे टळते. शिवाय पूर्ण झालेल्या डंपच्या शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशा अर्थाची इंग्रजी ओळ वेळेसह लिहिलेली असते. ती सापडली नाही, तर स्क्रिप्टने थांबून इशारा द्यावा. तपासणी दोन ओळींची आहे, पण डिस्क भरल्यामुळे अर्धवट राहिलेले डंप तिच्यामुळे हमखास पकडले जातात.

प्रती कोठे ठेवायच्या

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही चांगला आधार आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. दोन डिस्कवर तीच माहिती ठेवणारी रेड रचना ही या हिशेबात वेगळी प्रत धरू नये. एक डिस्क जळाली तरी सेवा चालू ठेवण्यासाठी ती उपयोगी आहे. पण चुकून पुसलेली नोंद ती दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी पुसते. एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापनाच्या सोयीचे स्नॅपशॉटही (एका क्षणाची टिपलेली चित्रे) त्याच डिस्कसोबत जातात.

'दुसरी जागा' म्हणजे पलीकडची खोली नव्हे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा एका इमारतीत, किंवा एका पेठेतही, ठेवलेल्या दोन प्रती सुरक्षित राहण्याची शक्यता नव्हती. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत नष्ट झाली. ज्या ग्राहकांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच परिसरात होते, त्यांच्यापैकी काहींनी दोन्ही गमावले. क्लाउड घेतल्याने अंतराचा प्रश्न आपोआप सुटतो, असे म्हणूनच समजू नये. नदीकाठच्या गावातील ग्रंथालयाने एक प्रत वेगळ्या जिल्ह्यात किंवा दूरच्या क्लाउड केंद्रात ठेवावी.

मी साधारणपणे पुढील मांडणी सुचवेन. ताजे डंप सर्व्हरवरच दोनतीन दिवस राहतात, कारण छोट्या चुका तेथूनच सर्वांत लवकर दुरुस्त होतात. दुसरी प्रत इंटरनेटमार्गे दूरच्या साठ्यावर जाते. तिसरी प्रत दोन बाह्य डिस्कवर आळीपाळीने घेतली जाते आणि काम झाल्यावर डिस्क काढून इमारतीबाहेर नेली जाते. कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क मला बॅकअप म्हणून मान्य नाही. वळवाच्या पावसातील विजेचा लोळ, खंडणीसाठी फाइल कूटबद्ध करणारा घुसखोर किंवा रूटने चुकीच्या फोल्डरवर चालवलेली पुसण्याची कमांड, यांपैकी काहीही तिला सर्व्हरसोबत घेऊन जाते.

आरसिंक हे साधन नकलेसाठी उत्तम आहे. परंतु डिलीट पर्यायासह रोज चालवलेले आरसिंक मुळातील चूकही इमानाने पलीकडे पोहोचवते. जुन्या आवृत्त्या राखणारे साधन हवे. रीस्टिक आणि बोर्ग ही दोन्ही मुक्त साधने त्यासाठी पुरेशी परिपक्व आहेत: माहिती पाठवण्यापूर्वीच कूटबद्ध करतात, सारखा मजकूर एकदाच साठवतात आणि प्रत्येक वेळचे चित्र स्वतंत्रपणे परत देऊ शकतात. एसएसएचवरून बोर्ग वापरायचा, तर पलीकडच्या यंत्रावरही बोर्ग बसवावा लागतो. रीस्टिकला केवळ एसएफटीपीने फाइल स्वीकारणारा किंवा एस-थ्री प्रकारचा क्लाउड साठा पुरतो. म्हणून छोट्या संस्थेसाठी मी रीस्टिक निवडेन.

कूटबद्धता येथे ऐच्छिक समजू नये. बॅकअपमध्ये हजारो सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि त्यांनी काय वाचले याची नोंद असते. ती जपण्याची जबाबदारी ग्रंथालयाची आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. मात्र रीस्टिकचा पासवर्ड हरवला, तर साठा कोणालाही उघडता येत नाही. तो फक्त सर्व्हरवरील फाइलमध्ये असेल, तर सर्व्हरसोबत तोही जाईल. कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत, एक संस्थेच्या तिजोरीत आणि दुसरे इमारतीबाहेर एका जबाबदार व्यक्तीकडे, असा ठेवावा आणि पाकिटावर तारीख घालावी.

घुसखोराचा विचार करताना आणखी एक प्रश्न विचारावा: सर्व्हरवर रूट मिळवणारा माणूस दूरची प्रत पुसू शकतो का? सर्व्हरवरील किल्लीला पुसण्याचा अधिकार असेल, तर उत्तर 'हो' आहे. रीस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरमध्ये फक्त भर घालू देणारी पद्धत असते, तर एस-थ्री प्रकारच्या अनेक साठ्यांत ठरावीक मुदतीपर्यंत वस्तू कुलूपबंद ठेवण्याची सोय असते. यांपैकी एक वापरावी आणि जुन्या प्रती छाटण्याचे काम दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून करावे.

किती काळ ठेवायच्या हे चूक किती उशिरा लक्षात येते यावर अवलंबून असते. ग्रंथालयात चुका उशिरा उघडकीला येतात: गठ्ठ्याने पुसलेल्या नोंदी वार्षिक पडताळणीत सापडतात, सभासद वर्ग बदलताना झालेला घोटाळा नव्या सत्रात दिसतो. त्यामुळे सात दैनिक, पाच साप्ताहिक आणि बारा मासिक प्रती रीस्टिकच्या फर्गेट कमांडने राखाव्यात, आणि ३१ मार्चची व पुस्तक पडताळणीच्या आदल्या दिवशीची प्रत वेगळी खूण करून अनेक वर्षे ठेवावी. फर्गेट केवळ नोंद काढते. जागा मोकळी करण्यासाठी प्रून चालवावे लागते.

चालू आहे की नाही हे कसे कळेल

स्क्रिप्ट चालवण्यासाठी क्रॉनपेक्षा लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा टाइमर बरा, कारण पर्सिस्टंट हा पर्याय दिला असता वीज गेल्यामुळे चुकलेली वेळ यंत्र सुरू झाल्यावर भरून काढली जाते आणि निकाल जर्नल या तिच्या नोंदवहीत राहतो. एक काम संपण्याआधी दुसरे सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्ट एफलॉकमधून चालवावी.

इशाऱ्याची रचना मात्र काळजीपूर्वक करावी. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला. त्यांच्याकडे प्रतींचे पाच मार्ग होते, पण त्या दिवशी एकही भरवशाचा निघाला नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता, तर डंप घेणारे साधन ९.२ चे चालवले जात होते. त्यामुळे डंप रोज अपयशी ठरत होता आणि साठा रिकामा होता. अपयशाची पत्रे निघत होती, पण ईमेलच्या पडताळणीत ती नाकारली जात असल्याने कोणालाही मिळत नव्हती. सुदैवाने एका अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्या कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट हाती होता, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांवर थांबले. कंपनीने हे सारे स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यातून निघणारी व्यावहारिक रीत अशी की, 'बिघाड झाला तर कळव' एवढ्यावर थांबू नये, तर 'यशाची खबर ठरलेल्या वेळेत आली नाही तर कळव' अशी व्यवस्था करावी आणि ती वाट पाहणारे यंत्र सर्व्हरच्या बाहेर असावे. ते नसेल, तर रोज सकाळी ताज्या प्रतीची वेळ, डंपचा आकार आणि नोंदींची संख्या सांगणारा एक छोटा ईमेल ग्रंथपालांना जावा आणि तो आला नाही तर तंत्रज्ञाला फोन करायचा, असे कार्यालयीन कामाच्या यादीत लिहून ठेवावे. कालच्या तुलनेत डंप एकदम लहान झाला, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. रीस्टिकचा निर्गम-क्रमांक (काम संपताना निकाल सांगणारा आकडा) ३ आला, तर काही फाइल वाचता आल्या नाहीत असा त्याचा अर्थ आहे. त्याला यश समजू नये. आठवड्यातून एकदा चेक कमांड चालवावी आणि तिला साठ्याचा काही टक्के भाग प्रत्यक्ष वाचायला सांगावे, म्हणजे काही महिन्यांत बहुतेक साठा वाचून होतो.

रिस्टोअरची तालीम

तिमाहीतून एकदा, दुसऱ्या यंत्रावर किंवा आभासी यंत्रात, सुरुवातीला लिहिलेले टिपण हाती घेऊन पूर्ण रिस्टोअर करावे. शक्य असल्यास ते टिपण न लिहिलेल्या व्यक्तीने हे काम करावे. लिहिणाऱ्याला जे गृहीत वाटते ते दुसऱ्याला अडवते आणि टिपणातील उणीव तेथेच दिसते. पासवर्डही पाकिटातूनच घ्यावा.

सर्वांत आधी एक खबरदारी घ्यावी. उभे राहिलेले तालमीचे यंत्र स्वतःला खरा सर्व्हर समजते. त्याच्या रांगेत पडलेली स्मरणपत्रे ते सभासदांना पाठवू लागेल, विलंब शुल्काची आकारणी करील, आणि बॅकअपची स्क्रिप्टही त्याच साठ्यात प्रती ढकलू लागेल. म्हणून त्या यंत्राचे बाहेरचे नेटवर्क आधी तोडावे आणि प्रती हव्या असतील तर डिस्कवरून द्याव्यात. ते शक्य नसेल, तर इन्स्टन्स उभा राहताच कोहा-ईमेल-डिसेबल चालवावे आणि क्रॉन व टाइमर बंद ठेवावेत.

मग डेबियनची तीच आवृत्ती आणि कोहाची तीच किंवा नंतरची आवृत्ती बसवावी. नव्या आवृत्तीचा डेटाबेस जुन्या कोहावर चालत नाही. जुना डेटाबेस नव्या कोहावर घेतल्यास कोहा-अपग्रेड-स्कीमाने तक्ते पुढे आणावे लागतात. कोहाच्या नव्या आवृत्त्या दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येत असल्याने चालू आवृत्तीचा क्रमांक रोजच्या बॅकअपमध्ये लिहिला गेला पाहिजे. यानंतर कोहा-रिस्टोअरला डेटाबेसची आणि संरचनेची अशा त्याच वेळच्या दोन्ही फाइल द्याव्यात. चढवलेल्या फाइल आणि प्लगइन परत ठेवताना त्यांची मालकी इन्स्टन्सच्या वापरकर्त्याकडेच जाते आहे ना ते पाहावे, कारण नव्या यंत्रावर त्या वापरकर्त्याचा अंकी क्रमांक वेगळा असू शकतो आणि मग फाइल दिसतात पण उघडत नाहीत. शेवटी कोहा-रीबिल्ड-झेब्रा पूर्ण पर्यायाने चालवून निर्देशांक बांधावा.

लॉगिनचे पान उघडले म्हणजे रिस्टोअर झाले, असे मानू नये. बिब्लिओ, आयटेम्स, बॉरोअर्स आणि इश्यूज या चार तक्त्यांतील नोंदींची संख्या मूळ सर्व्हरवरील त्या वेळच्या संख्येशी जुळवावी; यासाठी डंप घेतानाच या संख्या एका फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. स्टॅटिस्टिक्स तक्त्यातील शेवटच्या व्यवहाराची वेळ पाहावी, म्हणजे प्रत खरोखर किती ताजी आहे ते कळते. ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेत) एखादे मराठी शीर्षक शोधून पाहावे. जोडाक्षरे आणि अनुस्वार नीट दिसत नसतील किंवा शोध रिकामा येत असेल, तर अक्षरसंचाची किंवा निर्देशांकाची चूक आहे आणि ती खऱ्या संकटात सापडण्यापेक्षा आता सापडलेली बरी. एका पुस्तकाची देवघेव करून पाहावी, एक पावती छापून पाहावी आणि एक अहवाल चालवावा.

प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ टिपून ठेवावा. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ५०० जीबी छायांकित पाने आणायला, वेग अखंड मिळाला तरी, बावीस तासांहून अधिक लागतात. हा आकडा तालमीत दिसला की मोठ्या फाइलींसाठी डिस्कवरची प्रत का हवी, हे कार्यकारिणीला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डेटाबेस आणि देवघेव आधी उभी करावी आणि छायांकित पाने मागाहून आणावीत, असा क्रमही त्यावरून ठरतो.

पूर्ण रिस्टोअरचा प्रसंग क्वचितच येतो. नेहमी येतो तो छोटा: कोणीतरी दोनशे प्रती गठ्ठ्याने पुसल्या, किंवा सभासदांची चुकीची फाइल आयात झाली. अशा वेळी संपूर्ण जुना डेटाबेस चालू सर्व्हरवर चढवू नये. त्याने मधल्या काळातील देवघेव पुसली जाते. कोहा पुसलेल्या शीर्षकांची, प्रतींची आणि सभासदांची नोंद डिलीटेड या शब्दाने सुरू होणाऱ्या तक्त्यांत काही काळ राखतो. आधी तेथे पाहावे. तेथे नसल्यास जुना डंप वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उघडावा आणि हव्या तेवढ्याच नोंदी उचलून आणाव्यात. हे करण्यापूर्वी चालू स्थितीचा डंप घ्यावा.

कोहा किंवा डेबियनची मोठी आवृत्ती बदलायची असेल, तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एक तालीम आधीच करावी आणि आवृत्तीबदलही त्या तालमीच्या यंत्रावर प्रथम करून पाहावा. बदलाच्या आदल्या क्षणीच्या डंपला रीस्टिकमध्ये वेगळी खूण द्यावी आणि फर्गेटला ती खूण राखायला सांगावे, म्हणजे छाटणीत तो जाणार नाही; त्याच्यासोबत जुन्या आवृत्तीची पॅकेजेही जपून ठेवावीत, कारण रिपॉझिटरीत ती कायम मिळतीलच असे नाही. बदलानंतर पहिला डंप नव्या आवृत्तीवर उघडून पाहावा, टिपणातील आवृत्तीचे क्रमांक त्याच दिवशी सुधारावेत आणि त्याची छापील प्रत पासवर्डच्या दोन्ही पाकिटांबरोबर ठेवावी.